पाटणचा पटोळा आणि जालन्याच्या आजी

जालन्याच्या जुन्या वस्तीतील एका घराच्या दिवाणखान्यात काचेच्या दारांचे एक कपाट आहे. चाळीस वर्षांच्या प्रवासांचा जमाखर्चच जणू त्यात मांडून ठेवलेला आहे. आग्र्याचा संगमरवरी ताजमहाल आहे. त्याचा एक मिनार घरी येतानाच मोडला होता आणि तो डिंकाने चिकटवलेला आहे. श्रवणबेळगोळहून आणलेली चंदनाची डबी आहे. म्हैसूरचा लाकडी हत्ती आहे, जयपूरची निळी तबकडी आहे. मधल्या फळीवर एक जागा मात्र मोकळी आहे. तेथे कन्याकुमारीच्या शंखशिंपल्यांची पेटी होती. एका पर्युषणात घरच्या आजींनी ती स्वतःच्या हाताने उचलून बाजूला केली. "हे कुणाचे तरी घर होते," एवढेच त्या म्हणाल्या आणि त्या जागी दुसरे काही ठेवले नाही.

या आजी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय बहात्तर. कचनेरच्या पार्श्वनाथांचे दर्शन वर्षातून एकदा तरी घ्यायचे आणि दर दोन वर्षांनी एखादा दूरचा प्रवास करायचा, असा त्यांचा शिरस्ता. बारा वर्षांपूर्वी चातुर्मासात एका आर्यिका माताजींचे प्रवचन त्यांनी ऐकले. रेशमाचा धागा कसा मिळतो, हे त्या दिवशी त्यांना प्रथमच नीट समजले. कोशातून पतंग बाहेर पडला तर कोश फुटतो आणि शेकडो मीटर लांबीचा सलग धागा तुटतो. म्हणून तो बाहेर पडण्याआधीच कोश वाफेत किंवा उकळत्या पाण्यात घातले जातात. त्याच दिवशी आजींनी रेशीमत्यागाचा नियम घेतला. आठ-दहा रेशमी साड्या नात्यातल्या बायकांना देऊन टाकल्या. गेली बारा वर्षे त्यांनी सुती लुगडी आणि साड्याच नेसल्या.

म्हणूनच यंदा नातीने जेव्हा गुजरातच्या सहलीचा बेत मांडला, तेव्हा घरात थोडी शांतता पसरली. नातीचे लग्न माघात ठरले होते. पुण्यात नोकरी करणाऱ्या या मुलीच्या मनात पाटणचा पटोळा पाहायचा होता, आणि जमले तर घ्यायचाही होता. पटोळा म्हणजे अस्सल रेशीम. सुनेने हलक्या आवाजात विचारले, "आई, तुम्ही याल ना? नाही तर दुसरीकडे जाऊ."

आजींनी चष्मा काढून पदराने पुसला. "पाहायला काय हरकत आहे? डोळ्यांचा नियम नाही घेतलेला मी."

मिलच्या गावातले संग्रहालय

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली आणि तिघी निघाल्या. जालन्याहून रेल्वेने मुंबई आणि तेथून अहमदाबाद. एकेकाळी कापड गिरण्यांच्या भोंग्यांवर चालणाऱ्या या शहरात वस्त्रांचे संग्रहालय असावे, हे स्वाभाविकच. शाहीबाग भागातील कॅलिको म्युझियम ऑफ टेक्स्टाइल्स १९४९ मध्ये गौतम साराभाई आणि त्यांच्या भगिनी गिरा साराभाई यांनी स्थापन केले. येथे वाटेल तेव्हा जाऊन चालत नाही. आगाऊ नोंदणी करावी लागते, पाहणाऱ्यांची संख्या मर्यादित असते आणि छायाचित्रे घेता येत नाहीत. नातीला हे आधी थोडे जाचक वाटले. मोबाइल जमा करताना ती कुरकुरली.

आत मात्र तिचा आवाज आपोआप खाली आला. मंद प्रकाशात मोगल दरबारचे तंबू, नाथद्वाराच्या पिछवाया, कशिद्याची तोरणे आणि चंदेरीपासून काश्मीरपर्यंतची विणकामे एकामागून एक समोर येत होती. दिवे मंद का, याचे कारण साधे आहे. उजेडाने जुना रंग विटतो आणि धागा ठिसूळ होतो. जे वस्त्र माणसाच्या अंगावर पन्नास वर्षे टिकत नाही, ते येथे दोनशे-तीनशे वर्षे टिकवायचे, तर त्याला अंधारातच ठेवावे लागते.

पटोळ्यापुढे आजी सर्वांत जास्त वेळ उभ्या राहिल्या. हत्ती, पोपट, नर्तकी आणि वेलबुट्टी यांची ओळ लाल जमिनीवर चालली होती. प्रत्येक आकृतीची कड किंचित अस्पष्ट होती, पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखी. छापलेल्या कापडाची कड धारदार असते. येथे रंग आधी धाग्यात गेलेला असतो आणि नंतर धागा कापडात, त्यामुळे कडेला रंग एकमेकांत हलकेच मिसळतात. पटोळा ओळखण्याची पहिली खूण तीच. दुसरी खूण अशी, की कापडाला उलटी-सुलटी बाजू नसते. दोन्हीकडून चित्र सारखेच उजळ दिसते.

"आजी, आवडला?" नातीने विचारले.

"आवडला," आजी म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी पुस्ती जोडली, "तोच तर प्रश्न आहे."

बाहेर आल्यावर नातीच्या हाती छायाचित्र नव्हते, की दाखवण्याजोगे काही नव्हते. रिक्षात बसल्यावर तिने पिशवीतून वही काढली आणि आठवेल तसा हत्ती रेखाटला. त्याची सोंड चुकली. आजींनी ती दुरुस्त करून दिली. चाळीस वर्षे फळ्यावर चित्रे काढलेला हात तो.

त्याच दिवशी दिल्ली दरवाजाबाहेरचे हठीसिंग मंदिर पाहून झाले. १८४८ साली पूर्ण झालेले, पंधरावे तीर्थंकर धर्मनाथ यांचे हे मंदिर. काम पूर्ण होण्याआधीच शेठ हठीसिंग वारले आणि त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणींनी ते तडीस नेले. बावन्न देवकुलिकांची ती ओळ, संगमरवरातली ती नक्षी! मूर्तींचे चमकते डोळे आणि आंगी पाहून नातीने आजींकडे पाहिले. घरच्या दिगंबर मंदिरात तिला याची सवय नव्हती. आजी हात जोडून म्हणाल्या, "नेसवण वेगळे, तीर्थंकर तेच."

दुसऱ्या दिवशी सकाळी साबरमती आश्रम झाला. नदीकाठच्या 'हृदयकुंज'च्या ओसरीत चरखा चालवणाऱ्या बाईंजवळ आजी पाच मिनिटे बसल्या. याच आश्रमातून १२ मार्च १९३० रोजी दांडीयात्रा निघाली. तेथील विक्रीकेंद्रातून सुनेने खादीचे दोन टॉवेल घेतले. नातीने चिमुकला चरखा उचलला आणि परत ठेवला. पटोळ्यासाठी पैसे राखून ठेवायचे, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

दगडावरचे वस्त्र

अहमदाबादहून पाटण सुमारे सव्वाशे किलोमीटर. कापसाची आणि एरंडाची शेते मागे पडत गेली. पाटण आज जिल्ह्याचे शांत गाव आहे. पण हेच प्राचीन अणहिलवाड, सोळंकी राजांची राजधानी. येथेच बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा सिद्धराज जयसिंहासाठी 'सिद्धहेमशब्दानुशासन' हे व्याकरण रचले. त्याच्यानंतर गादीवर आलेला कुमारपाळ हेमचंद्रांचा अनुयायी झाला. त्याने राज्यात अमारीची, म्हणजे जीवहिंसाबंदीची घोषणा केली आणि तारंगा येथे अजितनाथांचे उत्तुंग मंदिर उभारले. गावातल्या हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिरात जुन्या भांडारांतील ताडपत्रांची आणि कागदाची हस्तलिखिते जतन केलेली आहेत. लाकडी फळ्यांत बांधलेल्या, कापडात गुंडाळलेल्या त्या पोथ्या पाहताना आजींना स्वतःच्या आजोबांच्या घरचा पोथ्यांचा गठ्ठा आठवला. तो पुढे कुठे गेला, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. मंदिराच्या पायऱ्या उतरताना त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

राणी की वाव गावाच्या कडेला आहे. राणी उदयमतीने पती भीमदेव पहिला यांच्या स्मरणार्थ अकराव्या शतकात ती बांधली. पुढे सरस्वती नदीच्या पुरांनी ती गाळाने भरून गेली आणि कित्येक शतके मातीखाली राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरातत्त्व विभागाने ती मोकळी केली, २०१४ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि २०१८ पासून ती शंभर रुपयांच्या जांभळट नोटेवर आली. सुनेने पर्समधून नोट काढून समोरच्या वास्तूशी ताडून पाहिली. तेथे येणारे निम्मे लोक हेच करतात.

सात मजले खोल उतरत जाणाऱ्या त्या वावेत पाचशेहून अधिक मोठी शिल्पे आहेत. विष्णूचे अवतार, अप्सरा, नागकन्या. पण आजींचे लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेले. मूर्तींच्या मधल्या पट्ट्यांवर दगडात चौकटी, जाळ्या आणि फुले कोरलेली होती. आदल्या दिवशी कॅलिकोत पाहिलेलीच नक्षी वाटावी, अशी. वाटाड्याने सांगितले, की येथले लोक यालाच दगडातला पटोळा म्हणतात. कोणाचे पाहून कोणी केले, हे आज कोण सांगणार? पण ज्या गावात सुताराच्या, पाथरवटाच्या आणि विणकराच्या डोळ्यांपुढे एकच नक्षी होती, ते गाव केवढे श्रीमंत असेल, एवढे मात्र कळते.

जालना ते पाटण

वावेपासून जवळच पाटण पटोला हेरिटेज हे संग्रहालय आहे. पटोळा विणणाऱ्या साळवी घराण्याने २०१४ मध्ये ते उभारले. वर प्रदर्शन आणि एका बाजूला चालता माग, अशी त्याची रचना. माहिती सांगणाऱ्या गृहस्थांनी हिंदीत सुरुवात केली. पाहुण्या कुठल्या, असे त्यांनी सहज विचारले. "जालना," असे उत्तर ऐकताच ते थबकले आणि हसून म्हणाले, "म्हणजे आमच्याच गावच्या!"

मग त्यांनी परंपरेने चालत आलेली कथा सांगितली. राजा कुमारपाळ रोज पूजेला नवा पटोळा नेसत असे. हे वस्त्र तेव्हा दक्षिणेत, जालन्याकडे विणले जाई. पुढे त्याच्या कानावर आले, की तिकडचा राजा प्रत्येक वस्त्र आधी स्वतः वापरतो आणि मगच ते बाहेर विकू देतो. पूजेसाठी उष्टे वस्त्र कसे चालावे? तेव्हा कुमारपाळाने जालन्याहून साळवी विणकरांची सातशे कुटुंबे आणून पाटणला वसवली. त्या सातशेंपैकी आज ही कला जपणारी घराणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

सून थक्क झाली. 'जालना सोने का पालना' ही म्हण तिने सासरी येताच ऐकली होती. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांसाठी गावाचे नाव आहे, हेही ठाऊक होते. पण गावातून कधीकाळी एवढे विणकर निघून गेले, हे तिने कधी ऐकले नव्हते. आजी म्हणाल्या, "आपल्याकडे साळी आहेतच की. मागावर बसणारे. माझ्या वर्गात त्यांची मुले असायची."

मागाजवळ काम चालू होते. पटोळ्याचे मर्म असे, की त्यात ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे, असे दोन्ही धागे विणण्यापूर्वीच नक्षीनुसार रंगवलेले असतात. आधी धागे ताणून त्यांवर कोळशाच्या दोरीने खुणा करतात. ज्या भागाला रंग लागू द्यायचा नाही, तेवढा भाग सुती दोऱ्याने घट्ट बांधतात. मग रंगवणे, सोडणे, पुन्हा बांधणे, पुन्हा दुसऱ्या रंगात बुडवणे. हळद, मंजिष्ठा, नीळ, डाळिंबाची साल अशा वनस्पतींपासून रंग काढण्याची रीत येथे जपली जाते. एका साडीसाठी नुसते हे बांधणे आणि रंगवणे तीन-चार महिने चालते.

त्यानंतर माग. तो जमिनीला समांतर नसतो, एका बाजूला झुकलेला असतो. दोन जण जोडीने बसतात. शिसवीची तलवारीसारखी पट्टी, जिला 'वी' म्हणतात, ती बाणा ठोकून बसवते. धोट्याच्या प्रत्येक फेरीनंतर उभ्या धाग्यावरचा लाल ठिपका आडव्या धाग्यावरच्या लाल ठिपक्यावर नेमका आला की नाही, हे पाहून सुईच्या टोकाने धागा केसभर सरकवतात. दिवसाला आठ-नऊ इंच काम होते. अशा रीतीने चार-पाच माणसांच्या पाच-सहा महिन्यांच्या श्रमांतून एक साडी तयार होते. कापड फाटेल पण नक्षी विटणार नाही, अशी म्हण गुजरातीत उगाच पडलेली नाही.

किंमत ऐकून नातीने वही मिटली. लाखांत होती ती. आणि नोंदवल्यानंतर मिळायला प्रदीर्घ वाट पाहावी लागणार होती. माघातल्या लग्नासाठी हा प्रश्न तिथेच संपला. पण तिच्या चेहऱ्यावर सुटकेचाही भाव होता, तो आजींनी टिपला.

आजींनी त्या गृहस्थांना एक प्रश्न विचारला. इतका वेळ तो त्यांच्या मनात घोळत होता. "अमारीची घोषणा करणारा राजा. त्याच्या पूजेचे वस्त्र रेशमाचे कसे?"

त्या गृहस्थांना हा प्रश्न नवा नसावा. रेशीम पवित्र, त्याला विटाळ नाही, असे त्या काळापासून मानत आले, असे त्यांनी शांतपणे सांगितले. जैन मंडळी आजही येतात; काही जण नेसतात, काही जण फक्त पाहून नमस्कार करून जातात. पतंग निघून गेलेल्या कोशांपासून कातलेले रेशीम आता मिळते, पण ते तितके सलग आणि गुळगुळीत नसते. येथे धागा जरा जाडबारीक झाला तरी हत्तीचा पाय हलतो. एवढे सांगून त्यांनी वादाचा सूर येऊ न देता तिघींना वरच्या दालनात नेले. तेथे इतर देशांतील अशीच दुहेरी बांधणीची वस्त्रे होती. बाली बेटावरील तेंगानान नावाच्या गावात विणले जाणारे गेरिंगसिंगही याच जातीचे. ताणा-बाणा दोन्ही बांधून रंगवलेले, तेथील लोक पवित्र मानतात असे. आणि ते सुती असते.

"सुती?" आजींनी दोनदा विचारले. मग त्या नातीला म्हणाल्या, "बघ, हात तोच. धागा बदलता येतो."

खाली परतताना त्यांची नजर मागाशेजारच्या टोपलीकडे गेली. तिच्यात दोऱ्यांचा गुंता पडलेला होता. बोटभर, दोन बोटे लांबीचे तुकडे, लाल-पिवळे-काळपट. रंगवून झाल्यावर गाठी सोडताना निघालेला हा बांधणीचा दोरा.

"याचे पुढे काय होते?"

"काही नाही. फेकून देतो."

"हा सुती ना?"

"हो, सुतीच."

आजींनी हात पुढे केला. त्या गृहस्थांनी मूठभर दोरे कागदात बांधून दिले. पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला. "जालन्याहून आलात. नेऊन ठेवा गावी," ते म्हणाले.

धर्मशाळेतली संध्याकाळ

सूर्यास्तापूर्वी धर्मशाळेत भोजन झाले. अंगणात दिवे लागले. पंचासरा पार्श्वनाथांच्या मंदिरातून घंटेचा आवाज येत होता. नात पायऱ्यांवर बसली होती. बाजारात दुपारी तिला एकाने छापील 'पटोळा' दाखवला होता, हजार रुपयांत. मागच्या बाजूने पाहिले, तर रंग पुसट. तिने तो घेतला नव्हता.

"आजी, परवडला असता तर मी घेतला असता का, हे मलाच माहीत नाही," ती म्हणाली. "तुझा राग आला असता का?"

"नियम माझा आहे गं. तुझ्यावर तो लादला तर तो नियम राहत नाही, जुलूम होतो." आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग जे त्यांनी बारा वर्षांत कोणाला सांगितले नव्हते, ते त्या सुनेच्या आणि नातीच्या देखत बोलून गेल्या. "आणि मीच कुठे पुरा पाळलाय तो? सगळ्या साड्या दिल्या म्हणून तुम्ही मला मोठी समजता. एक दिली नाही. माझ्या आईची पैठणी. ट्रंकेत तळाशी आहे, जुन्या धोतरात गुंडाळलेली. नेसत नाही, पण देववत नाही. दर पर्युषणात प्रतिक्रमणाला बसले, की ती ट्रंक डोळ्यांपुढे येते."

सून म्हणाली, "आई, ती तर तुमच्या आईंची आठवण आहे."

"आठवण म्हणूनच ठेवली. काचेच्या कपाटातला ताजमहालही आठवणच आहे. तो मोडला तर मला काही वाटायचे नाही. ही पैठणी गेली तर वाटेल. परिग्रह म्हणतात तो हाच ना?"

कोणी काही बोलले नाही. नातीने आजींचा हात हातात घेतला. खूप वेळाने ती म्हणाली, "मग ती मला दे."

आजींनी तिच्याकडे पाहिले.

"नवीन नको मला. माझ्यासाठी कुणी नवे कोश उकळायला नकोत. पणजीची आहे, ती एकदा नेसेन. तुझ्या ट्रंकेतून तर निघेल."

"जे विणून झाले, ते काही उलटे होत नाही," आजी हळूच म्हणाल्या. त्यांचा होकार एवढाच होता. पण त्या रात्री त्यांना लवकर झोप लागली, असे सुनेने दुसऱ्या दिवशी नातीला सांगितले.

मोकळी जागा

माघात लग्न झाले. नातीने विधींसाठी महेश्वरहून मागवलेली सुती साडी नेसली आणि सप्तपदीनंतर वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना पणजीची पैठणी. तिचा पदर एका ठिकाणी विरला होता. सुनेने आतून सुती अस्तर लावून तो सावरला होता. आजींना पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारले, "तुम्ही तर रेशीम सोडलेय ना?" आजी म्हणाल्या, "हो. आजच पुरते सोडले."

प्रवासातून माणूस काय आणतो, याचा हिशेब बहुधा वस्तूंनी केला जातो. काचेची कपाटे त्यासाठीच असतात. पण संग्रहालयांत फिरणाऱ्याला एक गोष्ट हळूहळू उमगते. कॅलिकोच्या अंधारात जपलेले प्रत्येक वस्त्र कधीकाळी कोणाच्या तरी ट्रंकेतून निघालेले असते. कोणीतरी ते हातचे सोडले, म्हणून ते सर्वांचे झाले. पाटणच्या ज्ञानमंदिरातील पोथ्यांचेही तेच. ज्या घरांनी त्या दिल्या, त्यांच्या पोथ्या आज वाचता येतात. ज्या घरांनी कोणालाच दाखवल्या नाहीत, त्यांतल्या कितीतरी वाळवीच्या झाल्या.

जालन्याच्या त्या दिवाणखान्यातील कपाटाच्या मधल्या फळीवर आता काचेची एक छोटी बरणी आहे. पूर्वी तीत वेलदोडे असत. आता तीत लाल, पिवळे, काळपट दोऱ्यांचे तुकडे आहेत. पाहुणे विचारतात, हे काय? मग आजी त्यांना कुमारपाळाची, सातशे विणकरांची आणि झुकलेल्या मागाची गोष्ट सांगतात. शाळेत सांगत तशी, हातवारे करून. आठशे वर्षांपूर्वी जे गावातून गेले, त्यातले मूठभर परत आले, असे म्हणून त्या बरणी पुन्हा जागेवर ठेवतात.

ट्रंक आता माळ्यावर आहे. रिकामी.